जादा ड्रायव्हर

परदेशात भाड्याने गाडी घेताना छुपे पैसे कसे टाळावेत, या विषयात नाशिक जिल्ह्यात माझ्याएवढा अधिकारी माणूस दुसरा नसेल! हे वाक्य लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं. असेलही एखादा. जिल्हा मोठा आहे. पण गाडी देणाऱ्या कंपनीच्या अटी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, तळटीपांसकट वाचणारा, आणि पुन्हा वाचताना त्यातल्या छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करणारा माणूस तरी मीच असेन.

त्याचं असं आहे, माझं सगळं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. लग्नपत्रिका, पंचांगं, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल. जे अहवाल पतपेढीचे चेअरमनही वाचत नाहीत ते मी वाचलेत. बारीक अक्षर दिसलं की लोकांचे डोळे मिटतात, माझे उघडतात. एरवी व्यवहारात मी शून्य. भाजीवाल्याकडचा टोमॅटो दाबून बघायचाही मला संकोच वाटतो. भाजीवाल्याला काय वाटेल, टोमॅटोला काय वाटेल!

तर आमची मुलगी तृप्ती आयर्लंडमध्ये गॉलवे नावाच्या गावात असते. तिला मुलगा झाला. बारशाला मी, माझी बायको सगुणा आणि सगुणाचा धाकटा भाऊ सावळीराम, असं तिघांनी जायचं ठरलं. सावळीरामचा पळशाला गुलाबाचा आणि झेंडूचा मळा आहे. विमान सकाळी डब्लिनला उतरणार आणि तिथून गॉलवे मोटारीने अडीच-तीन तास. बारसं त्याच दिवशी दुपारी चार वाजता. ही वेळ काही केल्या हलवता येणार नव्हती, कारण बाळाची आत्या दिशा नाशिकमध्ये नर्स आहे. ती फोनवरून बाळाच्या कानात नाव सांगणार आणि लगेच रात्रपाळीला पळणार.

जावई अमितराव म्हणाले, मी विमानतळावर घ्यायला येतो. यावर मी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. मी म्हणालो, "छे छे, तुम्ही बारशाचं बघा. आम्ही गाडी भाड्याने घेऊन येतो. मी बघतो सगळं."

सगुणाने तव्यावरची पोळी तशीच करपू दिली. आमच्या घरात 'मी बघते' असं आजवर फक्त ती म्हणत आली होती. पण मला वाटलं, एकदा तरी जावयाच्या दारात कर्तबगार सासरा म्हणून उतरावं. नाहीतर त्यांच्या लेखी मी म्हणजे लग्नाच्या आल्बममध्ये कोपऱ्यात पुस्तक धरून बसलेला तो गृहस्थ.

मग मी अभ्यासाला लागलो. अहो, काय एकेक भुयारं असतात त्या अटींमध्ये! गाडीचं भाडं म्हणून जो आकडा दिसतो तो नुसता दरवाजा. आत गेलं की रस्ता दाखवणाऱ्या यंत्राचे वेगळे, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचे वेगळे, पेट्रोल कमी भरलं तर वेगळे, गाडी मळली तर वेगळे. टोल चुकवला तर टोल, दंड आणि 'आम्ही तुम्हाला दंड कळवला' याचे वेगळे! मी एकेक गोष्ट छाटत गेलो. यंत्र नको, फोन आहे. आपोआप गिअर नकोत, सावळीरामला हाताने टाकायची सवय आहे. जास्तीचा विमा नको, मुळात आपण धडकणार नाही.

छाटता छाटता 'जादा ड्रायव्हर' अशी एक ओळ आली. त्याचे दिवसाला पैसे. मी मनाशी म्हटलं, गाडी चालवणार एकटा सावळीराम. मग यात जादा कोण? जादा तर मी! आणि मी काही चालवणार नाही. ती ओळ मी विजयाने रद्द केली. कार्ड माझं, म्हणून आरक्षण माझ्या नावाने केलं, आणि पळशाला जाऊन सावळीरामला सांगून आलो की एक रुपया जास्त जाणार नाही. तो गुलाबाच्या जुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "दाजी, एवढं वाचून झाल्यावर गाडीत बसायला जीव राहील ना?"

आंतरराष्ट्रीय परवाना काढायला गेलो तेव्हा तिथला एजंट म्हणाला, तिघांचे कागद एकदमच द्या, सोपं पडतं. तिघांचे निघाले. परवाना तिघांकडेही होताच. मी माझा फार पूर्वी ओळखपत्र म्हणून काढला होता. फोटो बरा आला होता, म्हणून नूतनीकरण करत राहिलो. प्रत्यक्षात मी चारचाकी चालवली ती सावळीरामच्या मळ्यात, त्याची जुनी जीप, तीही गाई आधी बाजूला बांधून घेतल्यावर.

डब्लिनच्या विमानतळावर कंपनीच्या खिडकीत एक चुणचुणीत मुलगी होती. तिने विचारलं, चालवणार कोण? सावळीरामने शाळेत करतात तसा हात वर केला. तिने पडद्यावर पाहिलं आणि गोड आवाजात सांगितलं की ह्यांचं नाव इथे नाही. कार्ड ज्याचं तोच मुख्य ड्रायव्हर. हे गृहस्थ जादा ड्रायव्हर होतील, त्याचे दिवसाला अमुक युरो.

मी थिजलो. कार्ड ज्याचं, गाडी त्याची, हे मी वाचलं होतं. जादा ड्रायव्हरचे पैसे पडतात, हेही वाचलं होतं. दोन्ही कलमं शेजारी शेजारी राहत होती, पण माझ्या डोक्यात त्यांची कधी गाठच पडली नव्हती! आणि ज्याचं नाव नाही त्याने स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला तर विमा रद्द, हे कलम तर मी नाशिकमध्ये लाल पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं.

"किती म्हणतीय ती?" सावळीरामने विचारलं. मी सांगितलं. त्याने मनात गुलाबाच्या जुड्यांमध्ये हिशेब केला आणि शिटी वाजवली. मग म्हणाला, "देऊन टाका दाजी. मी देतो."

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण एक रुपया जास्त जाणार नाही असं मी बोललो होतो, आणि तेही, माझ्या मानाने, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात. मी चष्मा वर सरकवला आणि म्हणालो, "नको. मी चालवतो."

खिडकीतली मुलगी मग सगुणाकडे वळून काहीतरी बोलू लागली. सगुणाने पर्स उघडून तिला काहीतरी दाखवलं. नातवाचा फोटो असेल, असं समजून मी लक्ष दिलं नाही. मग मुलीने कागद छापून दिला. त्यावर कुठे गुपचूप आकडा घुसवलाय का, हे मी नखाने एकेक ओळ धरून पाहत होतो. सगळीकडे शून्य. मी समाधानाने सही केली.

गाडी पांढरी शुभ्र होती. आधीचे ओरखडे आपल्या माथी येऊ नयेत म्हणून सगळीकडून फोटो काढावेत, असा नियम आहे. मी मागच्या बंपरपासून सुरुवात केली. अगदी खाली वाकून, चिखल लागलेल्या चाकांचेसुद्धा फोटो काढले. पुढच्या बाजूला पोचेपर्यंत सगुणाने पूजा उरकली होती!

आता नवी गाडी घरी आली की पूजा करायची, ही आपली रीत. पण ही गाडी आपली नाही आणि नवीही नाही, हे तिला सांगणार कोण? बॉनेटवर हळद आणि कुंकू कालवून बोटांनी पट्टे ओढलेले, त्यावर शेवंतीचं फूल, आणि पुढच्या चाकांखाली विमानतळावरच्या दुकानातून घेतलेली लिंबं. त्या लिंबांचा भाव ऐकून सावळीराम गुलाब सोडून लिंबू लावायच्या विचारात पडला होता. नारळ सगुणाने नाशिकहून आणला होता. तो सावळीरामने शेजारच्या खांबाच्या कठड्यावर फोडला.

"तुम्ही चालवणार म्हटल्यावर करावी लागली," सगुणा म्हणाली.

मी बसलो. गाडी सुरू केली. बंद पडली. पुन्हा सुरू केली. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. लिंबं मात्र चिरडली, तेवढं शास्त्र पूर्ण झालं.

"दाजी, क्लच हळू सोडा," सावळीराम शेजारून म्हणाला. "पिंजऱ्यातला पोपट सोडल्यासारखा नका सोडू."

हळूहळू मी पहिला गिअर जिंकला. दुसराही जिंकला. तिसऱ्याचं मात्र मी पहिल्यापासून नावच काढलं नाही. मोठ्या रस्त्यावर टोल होता, म्हणून फोनला मी टोल टाळायला सांगून ठेवलं होतं. फोन फारच आज्ञाधारक निघाला. त्याने आम्हाला अशा रस्त्यावर नेलं की दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधोमध गवत. पळशाच्या शिवरस्त्याने त्याच्याकडे बघून मान ताठ केली असती.

माझ्या मागे गाड्या साचू लागल्या. आरशात पाहिलं तर गोदाकाठच्या रथोत्सवात रथामागे लोटते तशी मिरवणूक! फरक एवढाच की इथे कोणी जयजयकार करत नव्हतं. सावळीराम खिडकीतून मागे हात हलवत होता. एका सायकलवाल्याने आम्हाला ओलांडलं. मग घोड्यावर बसलेल्या एका मुलीने. घोडा चालत होता.

तेवढ्यात पाऊस आला. भुरभुर असा, आपल्याकडे ज्याला कोणी छत्री उघडत नाही तसा. बॉनेटवरचं कुंकू विरघळलं आणि पांढऱ्या बॉनेटवरून लाल ओहोळ वाहू लागले. थोडं वाऱ्याने उडून काचेवर आलं. मी वायपर लावले आणि कुंकू सगळ्या काचेवर सारवलं गेलं. पलीकडचा आयर्लंड गुलाबी दिसायला लागला! समोरून येणाऱ्या गाडीतल्या बाईने आमच्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

मी घाबरून एका फाटकाशी गाडी उभी केली. मागची मिरवणूक एकेक करत पुढे गेली. प्रत्येक जण आमच्या बॉनेटकडे पाहत होता आणि वेग वाढवत होता. शेवटी एक शेतकरी ट्रॅक्टरवरून आला. लालबुंद चेहऱ्याचा, थोराड, डोक्यावर टोपी. त्याने बॉनेट पाहिलं आणि टोपी काढली.

त्याने विचारलं, काय मेलं?

आयुष्यभर मी इंग्रजी पुस्तकं वाचली, पण बोलायची वेळ आली की माझी वाक्यं दारातच एकमेकांना 'आधी तुम्ही' करत बसतात. मी कसंबसं सांगितलं, काही मेलेलं नाही, ही पूजा आहे. त्याने शांतपणे पुढचा प्रश्न विचारला. पूजेत काय मारलं?

आणि तो फाटकापलीकडच्या आपल्या मेंढ्यांकडे पाहायला लागला.

सावळीरामही पाहायला लागला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्या मेंढ्यांच्या पाठीवर, ओळखायच्या खुणेचे असतील, चांगले लाल रंगाचे पट्टे होते. सावळीरामने शेतकऱ्याचा दंड धरला, एक बोट मेंढीच्या पाठीवरच्या लालीकडे केलं, दुसरं आमच्या बॉनेटकडे, आणि आनंदाने म्हणाला, "बघा दाजी, ह्यांच्याबी मेंढरांना कुंकू! सेम टू सेम!"

पुराव्याचं काम एवढं चोख करणारा साक्षीदार मी पाहिलेला नाही. आमच्या बॉनेटवरचा रंग त्याच्या मेंढीच्या पाठीचा आहे, याबद्दल शेतकऱ्याच्या मनात आता शंका राहिली नाही. त्याने ट्रॅक्टर आमच्यापुढे आडवा लावला आणि मेंढ्या मोजायला सुरुवात केली. मेंढ्या हलत होत्या. तो पुन्हा मोजत होता. सावळीराम मदतीला गेला आणि मराठीत मोजू लागला, त्यामुळे शेतकऱ्याचे आकडे चुकू लागले. एकदा एक मेंढी कमी भरली. तेव्हा शेतकऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात विमा, दंड आणि अंत्यविधी, तिन्हींची कलमं आठवू लागलो. पुढच्या वेळी एक जास्त भरली. आता ती कोणाची, यावर त्याचा स्वतःशीच वाद सुरू झाला!

फोन किणकिणला. तृप्ती होती. बाळाला अंघोळ घालून नवं झबलं घातलंय, मंडळी जमलीत, पाळणा सजलाय. आई पोचल्याशिवाय सुरू करायचं नाही, पण दिशा थांबू शकणार नाही. कुठे आहात? मी आजूबाजूला पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. मेंढ्यांमध्ये.

फोन ठेवला तेव्हा सगुणा मागच्या सीटवरून उतरली होती. हातात कुंकवाचा करंडा. ती थेट त्या शेतकऱ्यापुढे गेली, टाचा उंचावून त्याच्या कपाळाला ठळक कुंकू लावलं, नारळाचा तुकडा हातावर ठेवला आणि करंडा उघडून बॉनेटशी धरला. त्याने करंड्यात पाहिलं, बॉनेटवर पाहिलं, कपाळाला बोट लावून त्या बोटाकडे पाहिलं. मग तो असा हसला की सगळ्या मेंढ्या बांधापलीकडे पळाल्या. ट्रॅक्टर बाजूला झाला. त्याने डब्यातल्या पाण्याने आमची काचसुद्धा धुऊन दिली.

फोनच्या मते, मी आत्तापर्यंत चालवली तशीच गाडी चालवली तर आम्ही संध्याकाळी उशिरा पोचणार होतो.

सगुणाने हात पुढे केला. "किल्ली द्या."

मी म्हणालो, ते शक्य नाही. ज्याचं नाव नाही त्याने चालवली तर विमा रद्द होतो.

"माझं नाव आहे," ती म्हणाली. "त्या पोरीनं माझं लायसन बघून लिहून घेतलं. नवऱ्याची गाडी असली तर बायकोला पैसे पडत नाहीत, फ्री आहे म्हणाली."

मी खिशातून कागद काढला. माझ्या नावाखाली, ठळक अक्षरांत, स्वच्छ छापलेलं: सगुणा. पुढे आकारणी शून्य. म्हणूनच मी ती ओळ सोडून पुढे गेलो होतो! पतपेढ्यांचे अहवाल ज्याच्या नजरेतून सुटले नाहीत, त्या मुद्रितशोधकाच्या नजरेतून बायको निसटली होती.

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं बसला होता. म्हटलं चालवू दे थोडी. पण आता बारसं आहे."

"पण तुला चालवता येते?"

सावळीराम माझ्याकडे डोळे विस्फारून पाहू लागला. "दाजी, दसऱ्याला आपली झेंडूची पिकअप पळशाहून बाजारात कोण आणतं? नाशिकच्या द्वारका चौकातून, पहाटेच्या गर्दीत? मी तर तेव्हा मळ्यात तोडणीवर असतो."

दर दसऱ्याला ती पहाटे उठून माहेरी मदतीला जाते, हे मला ठाऊक होतं. मदत म्हणजे नक्की काय, हे विचारायचं राहून गेलं होतं. मी तेव्हा वाचत असतो.

सगुणाने पदर खोचला, सीट पुढे घेतली आणि गाडी काढली. पाचवा गिअर असतो हे मला त्या दिवशी कळलं! फोन टोल टाळा म्हणत राहिला. तिने तो बंद करून भावाच्या हातात दिला आणि पाट्या वाचत सरळ मोठ्या रस्त्याला लागली. टोलनाक्यावर तिने स्वतःच्या पर्समधून नाणी दिली. मी मागे बसून खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेरचं काही वाचता येत नव्हतं, एवढा वेग होता. सायकलवाला, घोडा, मिरवणुकीतल्या गाड्या, सगळे मागे पडले असावेत.

गॉलवेला तृप्तीच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा चाराला थोडा अवधी होता. सगुणाने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरली.

"आता इथून पुढे तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"कशाला? आलोच की."

"जावयाचं दार आहे. तुम्हाला चालवत यायचं होतं ना?" आणि ती मागे जाऊन बसली.

अशा वेळी काय बोलावं हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी मुकाट्याने चाकामागे बसलो.

गल्ली सरळ होती. दारात अमितराव उभे, तृप्ती उभी, गावातल्या मराठी मंडळाची माणसं झब्ब्यांत आणि साड्यांमध्ये, सगळ्यांचे फोन वर उचललेले. मी आलो. अगदी डौलात आलो! अमितरावांनी कौतुकाने हात हलवला. मीही हात हलवावा असं मला वाटलं, आणि मी तो हलवला. त्यासाठी चाकावरचा हात काढावा लागतो, हे लक्षात यायला उशीर झाला.

फाटकाचा खांब दगडी होता. बंपर नव्हता.

त्या आवाजाने, नुकतंच झोपवलेलं बाळ जागं झालं आणि त्याने असा सूर लावला की फाटकाच्या खांबावरचा पक्षी उडाला. तृप्तीने घेतलं, अमितरावांनी घेतलं, सगुणाने घेतलं, मंडळातल्या बायका पाळणा म्हणू लागल्या. बाळाचा आवाज सगळ्यांच्या वर. आत्याचा फोन बाळाच्या कानाशी नेला की तिलाच कानावर हात ठेवावा लागे. तिने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. ती नाव सांगणार तरी कोणाला?

शेवटी कोणीतरी बाळ माझ्या हातात दिलं. मला पाळण्याची एकही ओळ येत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त बंपर होता. तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते अटींमधलं नुकसानभरपाईचं कलम, इंग्रजीत, पोटकलमांसकट: वाहनाच्या बाह्य भागाला इजा झाल्यास तिची संपूर्ण जबाबदारी मुख्य ड्रायव्हरवर राहील, मग ती इजा स्थिर वस्तूने झालेली असो वा अस्थिर...

बाळ थांबलं. माझ्याकडे पाहिलं. 'अस्थिर'पाशी त्याने जांभई दिली. पोटकलम संपायच्या आत ते गाढ झोपलं. दिशाने हळूच त्याच्या कानात 'स्वराज' म्हटलं आणि ती ड्यूटीला पळाली. अमितराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, हे फक्त तुम्हालाच जमू शकतं." हे कौतुक होतं की नाही, याचा मी अजून विचार करतो आहे.

माझी पेन्सिलीच्या खुणांची अटींची प्रत तृप्तीने ठेवून घेतली. रोज दुपारी बाळाला झोपवताना तिचं काम पडतं. बंपरचे पैसे कंपनीने माझ्या कार्डावरून परस्पर कापून घेतले. तक्रार करायची सोय नव्हती. कलम तसंच आहे, आणि ते मीच सगळ्या मराठी मंडळासमोर, सगळ्यांचे फोन चालू असताना, पाठ म्हणून दाखवलं होतं!